मिनोअन देवीमूर्ती आणि धर्मचिन्हे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनोअन म्हणजे नेमके कोण?

भूमध्य समुद्रातल्या क्रीट या बेटावर इ.स.पू. ३००० ते ११०० या काळात नांदलेल्या कांस्ययुगीन संस्कृतीला मिनोअन म्हणतात. नाव त्या लोकांचे स्वतःचे नाही. ग्रीक कथांतल्या मिनोस राजावरून ते पडले आणि १९०० पासून बेटावरच्या क्नोसोस इथल्या राजवाड्याचे उत्खनन करणाऱ्या इंग्रज पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी ते रूढ केले. इ.स.पू. १९००च्या सुमारास पहिले राजवाडे उभे राहिले. १४५०च्या आसपास बेटावरची बहुतेक मोठी केंद्रे जळाली आणि त्यानंतर क्नोसोसचा कारभार ग्रीक भाषेतून चालू लागला. मूर्ती वाचताना हे टप्पे लक्षात ठेवावेच लागतात, कारण 'मिनोअन देवी' या एकाच नावाखाली लोक दीड-दोन हजार वर्षांचे सामान एकत्र टाकतात.

प्रसिद्ध 'सर्पदेवी' कुठे आणि कशी सापडली?

१९०३ मध्ये, क्नोसोसच्या राजवाड्यात. मधल्या चौकाच्या पश्चिमेला एका खोलीच्या फरशीखाली दगडी पाट्यांनी बांधलेल्या दोन मोठ्या पेट्या निघाल्या. इव्हान्स यांनी त्यांना देवळाची कोठारे म्हटले. या पेट्या भरून, वरून फरशी घालून कायमच्या बंद केल्या होत्या. काळ साधारण इ.स.पू. १६००.

आत मूर्ती एकट्या नव्हत्या, हे फार महत्त्वाचे. त्यांच्यासोबत वासराला पाजणारी गाय, करडे घेऊन उभी शेळी, उडते मासे, शिंपले, केशराची फुले काढलेली छोटी वस्त्रे, हे सगळे फायन्सचे, म्हणजे गारगोटीची पूड भाजून केलेल्या झिलईदार पदार्थाचे. शिवाय रंगवलेले खरे समुद्री शिंपले, अर्घ्य देण्यासाठीचे दगडी चौरंग, मातीचे ठसे आणि संगमरवरी क्रूस होता. मूर्तींचे कित्येक तुकडे पेट्यांत मिळालेच नाहीत. म्हणजे त्या आत गेल्या तेव्हाच फुटलेल्या होत्या. देवळातले मोडलेले पण टाकून देता येत नाही असे सामान जपून पुरले, असे या पेट्यांकडे पाहून वाटते. मूर्ती पूजेत असताना कुठे उभी होती, ती मुख्य मूर्ती होती की अर्पण केलेली, याचे उत्तर या जागेतून मिळत नाही, कारण ही तिची दुसरी जागा आहे.

आज काचेआड दिसते ती मूर्ती किती मूळ आहे?

लोकांना वाटते त्यापेक्षा कमी. दोन मूर्ती जोडून उभ्या केल्या आहेत: मोठी ३४.२ सेंमी, लहान २९.५ सेंमी. तिसरीचा फक्त घागरा उरला आहे.

दोन्ही हातांत साप उंच धरलेली, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर दिसते ती लहान मूर्ती. ती मिळाली तेव्हा तिला डोके नव्हते आणि एक हात कोपराखाली तुटलेला होता. आजचा चेहरा इव्हान्स यांच्या देखरेखीखाली विसाव्या शतकात घडवलेला आहे. ती एकटक नजर, जिच्यावर पानेच्या पाने लिहिली गेली, मिनोअन कारागिराची नाही. डोक्यावरच्या मुकुटाचा भाग जुना आहे. त्यावर बसलेला मांजरासारखा प्राणीही जुना आहे, पण तो सुटा सापडला आणि जुळतो असे वाटल्याने तिथे बसवला गेला. मोठ्या मूर्तीचा कमरेखालचा बराच भागही नव्याने भरलेला आहे.

म्हणून छायाचित्र पाहताना क्रम असा ठेवावा: आधी धड, चोळी, कमरपट्टा आणि घाघऱ्याच्या झालरी, मग जुना हात, आणि चेहऱ्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

तिच्या हातात खरेच साप आहेत का?

मोठ्या मूर्तीबद्दल शंका नाही. साप तिच्या हातांवरून, कमरेभोवती आणि मुकुटापर्यंत गेलेले स्पष्ट दिसतात. लहान मूर्तीबद्दल मात्र वाद आहे. तिच्या मुठीत उरलेला मूळ तुकडा आखूड आणि पट्ट्यापट्ट्यांचा आहे. त्याला सापाचे डोके नव्हते, बाकीचा साप मोठ्या मूर्तीवरून कल्पून पूर्ण केला. हा तुकडा सापाचा नसावाच, अशी मांडणी २०११ मध्ये झाली. ती सर्वांना पटलेली नाही, पण तुकडा समोर ठेवून पाहिले की प्रश्न रास्त वाटतो.

साप हे मिनोअन कलेत सर्रास दिसणारे चिन्हही नाही. भित्तिचित्रांत आणि अंगठ्यांवर फुले, पक्षी, बैल, सिंह, ग्रिफिन (गरुडाचे डोके आणि सिंहाचे अंग असलेला काल्पनिक प्राणी) जितके येतात, त्यामानाने साप फारच थोडे. ते पुन्हा ठळकपणे येतात ते दोन-तीन शतकांनंतरच्या मातीच्या देवींवर, गुर्निया आणि कान्निया इथे. आणखी एक गोष्ट: क्रीटवर माणसाच्या जिवाला धोका होईल असा विषारी साप नाही. त्यामुळे 'मृत्यूवर विजय मिळवणारी देवी' हे वर्णन जपूनच वापरावे.

ती देवी, पुजारीण की भक्त?

इव्हान्स यांनी मोठीला देवी आणि लहानीला पुजारीण किंवा भक्त म्हटले. त्याला आधार होता फक्त आकाराचा आणि थाटाचा. मिनोअन चित्रांत देवी ओळखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. ती उंच आसनावर बसलेली असते, तिच्या दोन्ही बाजूंना सिंह किंवा ग्रिफिन असतात, प्राणी तिला काही देत असतात, किंवा ती छोट्या आकाराची, हवेतून उतरताना दिसते. क्नोसोसच्या एका ठशावर ती डोंगराच्या टोकावर उभी आहे, दोन्ही बाजूंना सिंह, समोर वंदन करणारा पुरुष आणि मागे 'पवित्र शिंगे', म्हणजे शिंगांच्या जोडीसारखे धर्मचिन्ह, असलेली वास्तू. तिथे देवी म्हणायला हरकत नाही. क्नोसोसजवळच्या इसोपाता इथल्या सोन्याच्या अंगठीवर चार स्त्रिया फुलांच्या रानात नाचतात आणि वर एक चिमुकली आकृती तरंगते. ती चिमुकली देवी, हा बहुतेकांचा कौल.

सर्पमूर्तींमध्ये यांतल्या फार थोड्या खुणा आहेत. सापांवरची हुकमत आणि मुकुटापर्यंत गेलेला साप एवढ्या बळावर मोठीला देवी म्हणता येते. लहानीबद्दल 'स्त्रीमूर्ती' एवढेच म्हणणे आम्हाला प्रामाणिक वाटते.

फायन्स म्हणजे काय? ही मूर्ती मातीची का नाही?

फायन्स ही माती नव्हे. गारगोटी किंवा स्फटिक-वाळू दळून केलेली बारीक पूड हा तिचा गाभा: शंभरातले नव्वदहून जास्त भाग. त्यात थोडा चुना आणि थोडा सोडा घालतात. सोडा खनिज क्षारातून किंवा वनस्पतींच्या राखेतून येतो. निळा-हिरवा रंग तांब्यामुळे, तपकिरी-जांभळट रेषा मँगनीजमुळे. कृती साधारण अशी:

१. पूड जितकी बारीक आणि एकसारखी, तितका पृष्ठभाग गुळगुळीत. पाणी घालून घट्ट लगदा करायचा. पाणी जास्त झाले की आकार ढासळतो.

२. लगदा साच्यात दाबायचा किंवा जाडसर घडवून वाळल्यावर कोरायचा. त्याला मातीचा चिवटपणा नसतो. वाकवला की तडकतो आणि ओला असताना हात लांब काढला की लोंबतो. बाहेर पसरलेले हात आणि झालरींचा घागरा या पदार्थात घडवणे किती अवघड, ते इथे कळते.

३. सावलीत सावकाश वाळवायचे. वाळताना आतले क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरा थर धरतात. हाच थर भट्टीत वितळून झिलई होतो. या अवस्थेत बोट लागले की थर पुसला जातो आणि भाजल्यावर तिथे टक्कल पडते. जी बाजू जमिनीला टेकलेली असते तिथेही क्षार येत नाहीत, म्हणून तळ खरखरीत राहतो. एकाच बाजूने वारा लागला तर झिलई त्या बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते.

४. साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजायचे. कमी पडले तर वस्तू भुगा होते. जास्त झाले तर झिलई ओघळते आणि बारीक तपशील बुजतात.

झिलई वेगळी लावण्याच्या पद्धतीही होत्या. इजिप्त आणि पश्चिम आशियात हे तंत्र जुने होते, क्रीटच्या कारागिरांनी ते घेऊन आपल्या पद्धतीने चालवले. असले काम राजवाड्याच्या आश्रयानेच होते. गावातल्या देव्हाऱ्यात फायन्सची सर्पदेवी असे, असे समजू नये.

उघडी छाती म्हणजे सुफलनाची माता का?

हा अर्थ इव्हान्स यांच्या काळात पक्का बसला आणि अजून निघत नाही. पुरावा काय सांगतो? झालरींचा घागरा, पुढे छोटा पडदा आणि छातीशी खुली चोळी हा वेश भित्तिचित्रांतल्या, अंगठ्यांवरच्या कित्येक स्त्रियांचा आहे. त्या नाचतात, फुले खुडतात, मिरवणुकीत चालतात. तो समारंभाचा पोशाख दिसतो. दुसरे म्हणजे कडेवर किंवा मांडीवर मूल घेतलेली आई मिनोअन कलेत जवळपास नाहीच. शेजारच्या इजिप्तमध्ये असे चित्र विपुल होते, तरी क्रीटने ते उचलले नाही. पाजणारी आहे ती गाय आणि शेळी. मातृदेवी म्हणायचे तर मूल कुठे आहे, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

हात उंचावलेल्या देवी वेगळ्या का मानतात?

कारण त्या वेगळ्या काळाच्या आणि वेगळ्या समाजाच्या आहेत. राजवाड्यांचा काळ सरल्यावर, इ.स.पू. चौदाव्या शतकापासून पुढे या मातीच्या मूर्ती दिसतात: गाझी, कान्निया, गुर्निया, लासिथीच्या डोंगरावरचे कार्फी, कावूसीजवळचे व्रोंदा. त्या छोट्या देवळांत, भिंतीलगतच्या दगडी ओट्यावर उभ्या असत.

खाली घागरा म्हणजे चाकावर काढलेले, पालथ्या मडक्यासारखे पोकळ नळकांडे. त्यावर धड, मान आणि डोके. हात, नाक, कान, हनुवटी वेगळी करून चिकटवलेली. जोड देताना दोन्ही भागांचा ओलावा सारखा नसेल तर वाळताना सांधा सुटतो, आणि खांद्याशी सांधा कमकुवत राहिला की उभारलेला हात तिथेच तुटतो. जाड भरीव भाग आतून ओला राहिला तर भट्टीत फुटतो. एवढी मोठी मूर्ती पोकळ ठेवण्याचे कारण हेच.

प्रत्येकीच्या मुकुटावर वेगळे काही असते: पक्षी, पवित्र शिंगे, चकत्या, साप, अफूची बोंडे. एकाच देवळात अशा अनेक मूर्ती मिळतात. त्या एकाच देवीची अनेक रूपे, वेगवेगळ्या देवी, की वेगवेगळ्या घराण्यांनी वाहिलेल्या प्रतिमा? तिन्ही मते मांडली गेली आहेत.

गाझीच्या देवीच्या डोक्यावर अफू कशी ओळखली?

बोंडांच्या आकारावरून, आणि त्याहून जास्त चिरांवरून. क्रीटचे मुख्य शहर हेराक्लिओन, त्याच्याजवळच्या गाझी इथली ही मूर्ती पाऊण मीटरहून थोडी उंच आहे. मुकुटात तीन बोंडे सुट्या काट्यांसारखी उभी आहेत आणि प्रत्येकावर उभ्या रेघा आहेत. अफूचा चीक काढायला कच्च्या बोंडाला असेच चिरे देतात. घडवणाऱ्याला फूल दाखवायचे नव्हते, चीक काढायची क्रिया दाखवायची होती. वेदनाशमन, झोप, उपचार यांच्याशी तिचा संबंध जोडतात तो यावरूनच.

'सापनळ्या' काय आहेत?

मातीच्या उंच नळ्या, दोन्ही बाजूंना एकावर एक वळणदार कड्या. पाळीव पवित्र साप ठेवण्यासाठी त्या असाव्यात असे इव्हान्स यांना वाटले आणि नाव चिकटले. पुढे देवळांत नळ्या आणि त्यांवर नेमके बसणारे वाडगे एकत्र मिळाले, तेव्हा त्या नैवेद्याच्या बैठका असल्याचे स्पष्ट झाले. एक देवी, एक नळी, एक वाडगा आणि भिंतीवर टांगायची एक पाटी, असा संच पूर्व क्रीटमध्ये दिसतो.

सर्वांत जुनी देवी कोणती?

मिर्टोसची, इ.स.पू. २५००च्या सुमाराची. फूर्नू कोरिफी या टेकडीवरच्या वस्तीत १९६७-६८ च्या उत्खननात ती निघाली. घंटेसारखे फुगीर अंग, लांबच लांब मान, चिमुकले डोके आणि बारीक हातांनी अंगाशी धरलेला एक छोटा जार. ही मूर्ती म्हणजे खरे तर भांडे आहे. आतून पोकळ, आणि आत-बाहेर जायला वाट एकच, तो जार. मूर्ती वाकवली की देवीच्या जारातूनच पाणी किंवा जे काही असेल ते ओतले जाते. ओतण्याची कृती हाच पूजेचा भाग होता, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारी दुसरी वस्तू आम्हाला माहीत नाही.

डोंगरमाथ्यावर सापडणाऱ्या छोट्या मूर्ती कुणाच्या?

माणसांच्या. पेत्सोफास, क्नोसोसजवळचा युख्तास, कोफिनास, त्राओस्तालोस, आत्सिपादेस अशा माथ्यांवर हातभरही नसलेल्या मातीच्या आकृती ढिगांनी मिळाल्या: कमरेला खंजीर लावलेले पुरुष, उंच टोप्यांच्या स्त्रिया, गुरे-मेंढ्या, अगदी भुंगेरेसुद्धा. हात छातीशी किंवा कपाळाशी नेलेले, म्हणजे या भक्तांच्या प्रतिमा. शिवाय सुटे हात, पाय आणि धड. त्राओस्तालोसला सुजलेल्या पायाची बसलेली स्त्री आहे. मुंबईत माउंट मेरीला मेणाचा हात-पाय वाहतात, त्याच जातीचा हा नवस दिसतो. या मूर्ती 'देवी' म्हणून विकल्या किंवा छापल्या जातात तेव्हा ती सरळ चूक असते.

दुतोंडी परशू आणि शिंगांचा अर्थ काय?

दुतोंडी परशू हे हत्यार कमी आणि खूण जास्त. पातळ सोन्याच्या पत्र्याचे बोटभर परशू अर्कालोखोरीच्या गुहेत मिळाले, निरू खानीला माणसाला पेलणारही नाहीत असे पितळी पत्र्यासारखे प्रचंड कांस्य परशू मिळाले, आणि प्सिख्रोच्या गुहेत परशू चुनखडीच्या खांबांच्या फटींत खोचलेले होते. यांपैकी कशानेही लाकूड तुटणार नाही.

आगिया त्रियादा इथल्या दगडी शवपेटीवर, काळ इ.स.पू. चौदावे शतक, परशू वापरात दिसतो. उंच खांबांवर परशू, त्यांवर पक्षी बसलेले, मध्ये ठेवलेल्या पात्रात एक स्त्री द्रव ओततेय, मागे सप्ततारी वाद्य वाजवणारा. दुसऱ्या बाजूला मेजावर बांधलेला बैल आणि बासरीवाला. परशू बळीशी जोडलेला आहे, पण पूजेत तो उभा करून ठेवायचा असतो.

'पवित्र शिंगे' हे नाव इव्हान्स यांचे. बैलाची शिंगे हा प्रचलित अर्थ. डोंगरांमधली खिंड किंवा क्षितिज असाही अर्थ सुचवला गेला आहे. उपयोग मात्र नक्की आहे. जिथे ती असतात ती जागा पवित्र. क्नोसोसच्या दुतोंडी परशूंच्या देव्हाऱ्यात हे जवळून दिसते. खोली जेमतेम दीड मीटर लांब-रुंद. पुढे भांडी, मग गोट्यांच्या जमिनीत पक्का बसवलेला तिपाई चौरंग, मागे ओट्यावर शिंगांच्या दोन जोड्या आणि त्यांच्या आजूबाजूला छोट्या मूर्ती. एकीच्या डोक्यावर पक्षी, आणि एक पुरुष हातात पक्षी घेऊन तो अर्पण करतो आहे. देव्हारा एवढासा असू शकतो, हे पाहणाऱ्याला आधी पटत नाही.

पुरुषदेव नव्हते का?

होते. पालेकास्त्रोची हस्तिदंती युवकमूर्ती, सुमारे अर्धा मीटर उंच, सोन्याचा पत्रा, हिरवट दगडाचे डोके, स्फटिकाचे डोळे. ती मुद्दाम फोडून जाळलेली मिळाली. 'मिनोअन धर्म म्हणजे एकच महादेवी' हे मत तिच्यासमोर टिकत नाही. आणि मूर्तींवरून मातृसत्ता सिद्ध करू पाहणाऱ्यांनी आपल्याच देशाकडे पाहावे. देवीची पूजा आणि स्त्रीच्या हाती सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

देवींची नावे माहीत आहेत का?

मिनोअन लिपी, म्हणजे लिनिअर ए, अजून वाचता आलेली नाही. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी उलगडलेली लिनिअर बी ही ग्रीक भाषेची आणि नंतरच्या काळाची. तिच्यात क्नोसोसच्या हिशेबात 'सर्व देवांना मधाची एक घागर, लाबिरिंथच्या स्वामिनीला मधाची एक घागर' अशी नोंद आहे. अम्निसोसच्या एलेउथियालाही मध जातो. पुढच्या ग्रीक काळात ती बाळंतपणाची देवी. पण यांतले कोणतेही नाव सर्पमूर्तीला लावायला आधार नाही. मध्ये दोन शतके आणि एक सत्तांतर आहे.

आपल्या नागपूजेशी संबंध आहे का?

नाही, असा कोणताही पुरावा नाही. साप अनेक संस्कृतींत स्वतंत्रपणे पवित्र मानला गेला. पूर्वेशी दूरचे संबंध मात्र होते. अफगाणिस्तानातला लाजवर्द दगड क्रीटपर्यंत पोहोचत होता. क्रीटच्या उत्तरेला असलेल्या थेरा (सांतोरिनी) बेटावरच्या अक्रोतिरी इथल्या एका भित्तिचित्रातली माकडे शेपटीच्या ठेवणीवरून आपल्याकडची काळ्या तोंडाची वानरे असावीत, अशी मांडणी प्राणितज्ज्ञांनी अलीकडे केली. इतर अभ्यासक ती आफ्रिकेतली मानतात.

बनावट मूर्ती कशी ओळखायची?

पहिला प्रश्न: उत्खननात कुणी, कुठे, कोणत्या थरात पाहिली? बॉस्टनच्या संग्रहालयात १९१४ मध्ये आलेल्या, सुमारे १६ सेंमीच्या हस्तिदंत आणि सोन्याच्या सर्पदेवीला या प्रश्नाचे उत्तर नाही. ती कदाचित विसाव्या शतकाच्या सुरुवातीची असावी, हे आज संग्रहालयाच्या नोंदीतही आहे. केंब्रिजची दगडी आणि टोरंटोची हस्तिदंती मूर्ती याच संशयात आहेत. सर्व बाजारातून आल्या, आणि क्नोसोसचा शोध गाजल्यानंतर आल्या. चेहरा विसाव्या शतकाच्या रुचीला गोड वाटणारा असेल, झीज नेमकी दिसायला सोयीच्या ठिकाणी असेल, तर सावध व्हावे. हस्तिदंताचे वय मोजूनही निर्णय लागतोच असे नाही. जुना दंत नव्याने कोरता येतो.

मूळ मूर्ती कुठे पाहाव्यात?

सर्पमूर्ती, गाझीची देवी, इसोपाताची अंगठी आणि आगिया त्रियादाची शवपेटी हेराक्लिओनच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत; मिर्टोसची देवी आयिओस निकोलाओसला, पालेकास्त्रोचा युवक सितियाला. क्नोसोस हेराक्लिओनपासून सुमारे ५ किलोमीटरवर आहे. आधी क्नोसोसला जाऊन पश्चिम भागातल्या त्या पेट्यांची जागा पाहावी, मग संग्रहालय. काचेसमोर उभे राहिल्यावर बाजूने, तिरक्या प्रकाशात पाहावे. जुनी झिलई आणि नवी भर यांची चमक वेगळी असते, समोरून काढलेल्या फोटोत ती दिसत नाही.